कुमार शिवराजन आणि बंगळुरूतील प्रकाशीय संचार : शोध कुणाचा, हक्क कुणाचा?

मोबाइलवरील संभाषण असो, रेल्वेचे आरक्षण असो की बँकेतील व्यवहार असो, ही सारी माहिती आपल्या प्रवासाचा बराचसा भाग केसाइतक्या बारीक काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या स्पंदनांच्या रूपाने करते. या तंतूच्या दोन्ही टोकांना विजेच्या संकेतांचे प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विजेच्या संकेतांत रूपांतर करणारी उपकरणे असतात. ही उपकरणे भारताला दीर्घकाळ परदेशी कंपन्यांकडून घ्यावी लागत. त्यांची रचना भारतातच व्हावी, या उद्देशाने बंगळुरू येथे २००० साली 'तेजस नेटवर्क्स' ही कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक आणि तिच्या तांत्रिक बाजूची धुरा वाहणारे अभियंते म्हणजे डॉ. कुमार शिवराजन. त्यांच्या कार्याचा, त्यामागील तंत्रज्ञानाचा आणि अशा शोधांच्या पेटंटवर नेमका हक्क कोणाचा असतो या प्रश्नाचा हा आढावा.

मोबाइलच्या लहरींपासून प्रकाशाच्या लहरींपर्यंत

शिवराजन यांनी १९८७ मध्ये मद्रास आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यानंतर अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच कॅलटेक येथे त्यांनी १९९० मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय मोबाइल दूरध्वनीसाठी लहरींची वाटणी हा होता. प्रत्येक मनोऱ्याला काही ठराविक वारंवारता द्याव्या लागतात. शेजारच्या मनोऱ्यांनी एकच वारंवारता वापरली, तर संभाषणात व्यत्यय येतो. दूरच्या मनोऱ्यांनी मात्र तीच वारंवारता पुन्हा वापरली तरी चालते. उपलब्ध वारंवारता मोजक्या असल्याने त्यांची वाटणी काटकसरीने कशी करावी, हा प्रश्न होता.

शाळेतील नकाशा रंगवणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच प्रश्न पडतो. महाराष्ट्राच्या नकाशात लगतच्या दोन जिल्ह्यांना एकच रंग देता येत नाही. पुणे आणि सातारा यांचे रंग वेगळे हवेत, पुणे आणि नागपूर यांचा रंग एक असला तरी हरकत नाही. कमीत कमी रंगांत नकाशा पूर्ण करण्याचे जे गणित आहे, तेच मोबाइलच्या लहरींना लागू पडते आणि पुढे तेच प्रकाशीय तंतूलाही लागू पडले.

डॉक्टरेटनंतर शिवराजन न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या थॉमस वॉटसन संशोधन केंद्रात रुजू झाले. तेथे राजीव रामस्वामी यांच्यासमवेत त्यांनी प्रकाशीय जाळ्यांवर काम सुरू केले. १९९४ मध्ये ते भारतात परतले आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत संचार अभियांत्रिकी विभागात अध्यापन करू लागले.

एका तंतूत अनेक रंग

काचेच्या तंतूतून दूरवर संदेश पाठवता येतील, ही शक्यता चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडली. त्या कार्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने पुरेसा स्वच्छ तंतू तयार करून दाखवला. १९८७ च्या सुमारास अर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या तंतूचा प्रवर्धक पुढे आला. त्यामुळे क्षीण झालेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर न करताच त्याची तीव्रता वाढवणे शक्य झाले. शिवाय हा प्रवर्धक अनेक तरंगलांबींच्या प्रकाशाला एकाच वेळी बळ देतो.

यातून एकाच तंतूत निरनिराळ्या तरंगलांबींचा, म्हणजे साध्या भाषेत निरनिराळ्या रंगांचा प्रकाश एकाच वेळी पाठवण्याची पद्धत रूढ झाली. हे रंग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यातील असतात. एका रंगावर सेकंदाला १० अब्ज बिट माहिती जात असेल आणि असे ८० रंग असतील, तर एकाच तंतूतून सेकंदाला ८०० अब्ज बिट वाहू शकतात.

मात्र तंतूंचे जाळे विणले की नवी अडचण उभी राहते. मुंबईहून निघालेला प्रकाश पुणे आणि सोलापूरमार्गे हैदराबादला न्यायचा असेल, तर वाटेतील प्रत्येक टप्प्यावर तोच रंग मोकळा असावा लागतो. पुणे ते सोलापूर हा रंग आधीच दुसऱ्या संदेशाने व्यापला असेल, तर एकतर मार्ग बदलावा लागतो, नाहीतर रंग बदलणारे उपकरण मध्ये बसवावे लागते. असे उपकरण महाग असते.

रामस्वामी आणि शिवराजन यांचा या विषयावरील शोधनिबंध ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतीही वाटणीपद्धत वापरली, तरी दिलेल्या जाळ्यातून जास्तीत जास्त किती वाहतूक नेता येईल, याची गणिती मर्यादा त्यांनी काढली. १६ ते १,००० केंद्रांच्या १४ जाळ्यांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले, की रंगांची संख्या थोडी असताना रंग बदलणारी उपकरणे बसवल्यास रंगांचा पुनर्वापर १० ते ४० टक्क्यांनी वाढतो. महागड्या उपकरणावर खर्च करावा की नाही, हे ठरवण्यासाठी अभियंत्यांच्या हाती एक माप आले. या दोघांनी लिहिलेला प्रकाशीय जाळ्यांवरील ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती २००२ मध्ये आणि गॅलन सासाकी यांच्यासह तिसरी आवृत्ती २०१० मध्ये निघाली.

बंगळुरूची दुसरी बाजू

शिवराजन परतले तेव्हाचे बंगलोर संगणक परिपथांच्या रचनेचे केंद्र म्हणून नावारूपाला येत होते. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९८५ मध्ये येथे रचना केंद्र उघडले. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अशा केंद्रांपैकी ते भारतातील आरंभीचे होते. येथे तयार झालेले आराखडे उपग्रहाद्वारे परदेशी पाठवले जात. पुढे अनेक कंपन्यांनी हाच मार्ग धरला. अत्यंत गुंतागुंतीच्या परिपथांवर काम करणारे कुशल अभियंते यातून बंगळुरूत तयार झाले.

या व्यवस्थेत एक ठरलेली विभागणी होती. रचना बंगळुरूत होई, उत्पादन अन्यत्र होई आणि पेटंट मूळ कंपनीच्या नावे होई. अभियंत्याला चांगले वेतन मिळे आणि पेटंटवर शोधकर्ता म्हणून त्याचे नावही येई. पण तो शोध कोठे वापरायचा, कोणाला द्यायचा आणि कोणाला नाकारायचा, हा निर्णय त्या शहरात होत नसे.

तेजस नेटवर्क्सची स्थापना

संजय नायक, कुमार शिवराजन आणि अर्णब रॉय यांनी २००० मध्ये तेजसची स्थापना केली, ती ही विभागणी बदलण्यासाठी. नायक आणि रॉय हे परिपथांच्या रचनेसाठी लागणाऱ्या संगणकप्रणालींच्या क्षेत्रातून आले होते. मूळचे हुबळीचे आणि अमेरिकेत सिकॅमोर नेटवर्क्स उभारणारे उद्योजक गुरुराज देशपांडे यांचे पाठबळ त्यांना लाभले. परिपथांचे जाणकार आणि प्रकाशीय संचाराचे अभ्यासक एकत्र आले, हे या कंपनीचे वैशिष्ट्य होते.

काळ मात्र प्रतिकूल होता. २००१ मध्ये जगभरातील दूरसंचार उपकरणांचा बाजार कोसळला आणि प्रकाशीय संचारातील अनेक कंपन्या बंद पडल्या. भारतात याच काळात मोबाइल सेवेचा विस्तार होत असल्याने मनोरे आणि शहरे जोडणाऱ्या उपकरणांना मागणी होती. तेजसची आरंभीची उपकरणे या गरजेला उत्तर देणारी होती. एका तंतूवर सेकंदाला सुमारे अडीच अब्ज बिट वाहून नेणारी प्रणाली ३० हजारांहून अधिक दूरध्वनी संभाषणे एकाच वेळी हाताळू शकते. तंतू कोठे तुटला, तर ५० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे बोलणाऱ्याच्या लक्षात येण्यापूर्वी, वाहतूक वर्तुळाकार जाळ्याच्या दुसऱ्या बाजूने वळवली जावी, असा या प्रणालींचा दंडक आहे. रस्त्यांच्या खोदकामात तंतू वारंवार तुटणाऱ्या देशात या गुणाला विशेष महत्त्व आहे.

परिपथांचे काम कोठे येते?

प्रकाशीय संचार म्हटले की लेसर आणि काचेचा तंतू डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात उपकरणाची बरीचशी बुद्धी त्यातील इलेक्ट्रॉनिक परिपथांत असते. सेकंदाला १० अब्ज बिट या वेगात एका बिटच्या वाट्याला एका सेकंदाचा दहा अब्जावा भाग येतो. तेवढ्या वेळात तंतूतील प्रकाश केवळ दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. इतक्या वेगाने येणारी माहिती चिप सरळ हाताळत नाही. एका रांगेत आलेले बिट ६४ समांतर रांगांत विभागले जातात आणि प्रत्येक रांगेचा वेग सेकंदाला सुमारे १५.६ कोटी बिटपर्यंत खाली आणला जातो. मग पत्ता वाचणे, चुका तपासणे, संदेश योग्य मार्गावर वळवणे ही कामे परिपथ करतात आणि पलीकडे पुन्हा एकच वेगवान प्रवाह तयार होतो.

हे परिपथ दोन प्रकारे बनवता येतात. एका विशिष्ट कामासाठी स्वतंत्र चिप घडवली, तर मोठ्या संख्येत ती स्वस्त पडते. परंतु तिच्या निर्मितीचा आरंभीचा खर्च कोट्यवधी रुपयांचा असतो आणि एकदा बनवलेली चिप बदलता येत नाही. दुसरा मार्ग, कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही आतील जोडणी नव्याने मांडता येणारी चिप वापरण्याचा. अशा चिपला एफपीजीए म्हणतात. तेजसने मुख्यतः दुसरा मार्ग निवडला. नवे मानक आले किंवा ग्राहकाची गरज बदलली, तर उपकरण न बदलता त्यातील परिपथाची मांडणी बदलता येते. कमी भांडवलाच्या कंपनीला परवडणारी ही युक्ती होती. एफपीजीए चिप बाहेरून घ्यावी लागली, तरी तिच्यात भरलेली परिपथरचना कंपनीची स्वतःची असते. पेटंटचा प्रश्न या रचनेशी जोडलेला आहे.

पेटंट कशाला मिळते?

भारतात पेटंटसंबंधीचा मूळ कायदा १९७० चा असून तो १९७२ पासून लागू झाला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार त्यात १९९९, २००२ आणि २००५ मध्ये महत्त्वाचे बदल झाले. शोध नवीन असावा, त्या विषयातील जाणकाराला सहज सुचणारा नसावा आणि उद्योगात उपयोगी पडणारा असावा, या तीन मुख्य अटी आहेत. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागते. ते न भरल्यास पेटंट रद्दबातल होते.

या कायद्याच्या कलम ३ मधील 'के' या पोटकलमानुसार गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रणाली आणि संगणकीय कृतिक्रम यांना पेटंट मिळत नाही. यामुळे रंगांच्या वाटणीचे गणित, केवळ गणित म्हणून, कोणाच्याही मालकीचे होऊ शकत नाही. १९९५ चा शोधनिबंध जगातील कोणताही विद्यार्थी वाचू शकतो आणि कोणतीही कंपनी वापरू शकते. मात्र त्या गणिताच्या आधारे ठराविक तांत्रिक परिणाम साधणारे उपकरण किंवा परिपथ घडवला, तर त्या उपकरणाला पेटंट मिळू शकते.

चिपवरील घटकांच्या प्रत्यक्ष मांडणीला आणखी एक संरक्षण आहे. २००० साली भारताने अर्धवाहक परिपथांच्या आराखड्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याखाली नोंदलेल्या आराखड्याला १० वर्षे संरक्षण मिळते. परिपथामागील कल्पनेला पेटंट आणि तिच्या मांडणीला हा कायदा, अशी ही विभागणी आहे.

कर्नाटकातील अर्जदारांचे अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी हे कार्यालय मुंबईत आहे. पेटंट ज्या देशात मिळते त्या देशापुरतेच लागू असल्यामुळे अमेरिका किंवा युरोपात माल विकू पाहणाऱ्या कंपनीला तेथे वेगळे अर्ज करावे लागतात. १९९८ पासून भारत आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य करारात सहभागी असल्याने ही प्रक्रिया काहीशी सुलभ झाली आहे. तेजसने स्थापनेपासून तीनशेहून अधिक पेटंटसाठी देशात आणि परदेशात अर्ज केले आहेत.

नाव आणि हक्क

पेटंटवर दोन वेगळ्या नोंदी असतात. एक शोधकर्त्याची आणि दुसरी हक्कदाराची. भारतीय कायद्याच्या कलम २८ नुसार शोधकर्त्याला आपल्या नावाची नोंद मागता येते. परंतु अशा नोंदीमुळे पेटंटखालील कोणताही हक्क मिळत नाही आणि असलेला कमीही होत नाही, असेही तेच कलम सांगते. नोकरीत असताना लागलेल्या शोधाचा मोबदला किती असावा, याबाबत भारतीय पेटंट कायद्यात तरतूद नाही. ते नेमणुकीच्या करारावर अवलंबून असते. जर्मनीत यासाठी १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे.

जपानमधील शुजी नाकामुरा यांचे प्रकरण या संदर्भात जगभर गाजले. निळ्या प्रकाशाच्या डायोडविषयीच्या पेटंटबद्दल त्यांना कंपनीकडून मिळालेली रक्कम अवघी २० हजार येन होती. त्यांनी दावा दाखल केल्यावर टोकियोच्या न्यायालयाने २००४ मध्ये २० अब्ज येन देण्याचा निर्णय दिला. अखेर २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. नाकामुरा यांना २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

भारतीय अभियंत्यांच्या बाबतीतही नाव आणि हक्क यांतील अंतर दिसते. मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी राजीव जोशी यांच्या नावावर परिपथ आणि स्मृतिचिप या क्षेत्रांतील अडीचशेहून अधिक पेटंट आहेत. ते शोध त्यांनी आयबीएमच्या सेवेत लावले आणि त्यांची मालकी कंपनीकडे आहे. मुंबई आयआयटीतील प्राध्यापक अश्विन गुमास्ते यांनी इम्रिच श्लामटाक यांच्यासमवेत 'लाइट ट्रेल' ही प्रकाशीय जाळ्यांची संकल्पना मांडली, तेव्हा ते अमेरिकेत होते आणि त्याविषयीची पेटंट जपानच्या फुजित्सू कंपनीच्या नावे झाली. पुढे मुंबईत त्यांच्या चमूने विकसित केलेल्या राउटरचे तंत्रज्ञान इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीला देण्यात आले. गुमास्ते यांना २०१८ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार जाहीर झाला. शोधकर्ता एकच असला, तरी तो कोठे आणि कोणासाठी काम करतो, यावर शोधाची मालकी ठरते.

नॉर्टेलचा धडा

पेटंटचे मोल कंपनीच्या भरभराटीत जितके दिसत नाही, तितके तिच्या पडझडीत दिसते. ज्या परदेशी कंपन्यांमार्फत तेजसची उपकरणे बाहेरच्या बाजारात जात, त्यांत कॅनडाची नॉर्टेल ही एक होती. जानेवारी २००९ मध्ये नॉर्टेलने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिच्यावर विसंबलेल्या पुरवठादारांना मोठा फटका बसला. तेजसलाही आपल्या नावाने ग्राहक शोधण्याचा मार्ग धरावा लागला.

नॉर्टेलचे कारखाने आणि व्यवसाय तुकड्यातुकड्यांनी विकले गेले. शेवटी उरली ती सुमारे ६ हजार पेटंट आणि प्रलंबित अर्ज. २०११ च्या लिलावात ॲपल, मायक्रोसॉफ्ट, एरिक्सन, सोनी आदी कंपन्यांच्या गटाने त्यांच्यासाठी ४५० कोटी डॉलर मोजले. कंपनी बुडाली, पण तिच्या अभियंत्यांनी लावलेल्या शोधांना खरीदार मिळाला. ज्या कंपनीकडे स्वतःचे पेटंट नाही, तिच्या पडझडीनंतर असे काहीच उरत नाही.

अलीकडील घडामोडी

तेजसचे समभाग जून २०१७ मध्ये शेअर बाजारात आले. २०२१ मध्ये टाटा समूहातील पॅनाटोन फिनव्हेस्ट या कंपनीने तेजसमधील बहुसंख्य हिस्सा घेण्याचा करार केला. २०२२ मध्ये तेजसने बंगळुरूच्याच सांख्य लॅब्स या चिपरचना कंपनीतील सुमारे ६४ टक्के हिस्सा सुमारे २८४ कोटी रुपयांना घेण्याचे ठरवले. २००६ मध्ये स्थापन झालेली सांख्य ही स्वतःच्या नावाने संचार चिप घडवणाऱ्या मोजक्या भारतीय कंपन्यांपैकी एक होती. यामुळे परिपथ आणि प्रकाशीय संचार या दोन्ही शाखा एका छत्राखाली आल्या.

ऑगस्ट २०२३ मध्ये बीएसएनएलच्या फोर-जी जाळ्यासाठी एक लाख ठिकाणी रेडिओ उपकरणे पुरवण्याचा ७,४९२ कोटी रुपयांचा करार तेजसने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसशी केला. या जाळ्याचा गाभा सी-डॉट या सरकारी संस्थेने तयार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये ओडिशातील झारसुगुडा येथून या स्वदेशी जाळ्याचे राष्ट्रार्पण झाले.

देशाच्या पातळीवरही चित्र बदलते आहे. जानेवारी ते मार्च २०२२ या तिमाहीत भारतात दाखल झालेल्या १९,७९६ पेटंट अर्जांपैकी १०,७०६ अर्ज भारतीय अर्जदारांचे होते. देशी अर्जांनी परदेशी अर्जांना मागे टाकण्याची ती ११ वर्षांतील पहिलीच वेळ होती. शिक्षणसंस्थांना २०२१ पासून पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळते.

अर्थात अर्जांची संख्या ही शोधांच्या गुणवत्तेची कसोटी नव्हे. अनेक पेटंट कधीच वापरात येत नाहीत आणि शुल्काअभावी मुदतीपूर्वीच संपतात. शोध, त्याचे उपकरण, त्या उपकरणाचा ग्राहक आणि त्या ग्राहकाच्या पैशातून होणारे पुढील संशोधन ही साखळी पूर्ण झाली, तरच पेटंटला अर्थ प्राप्त होतो. शिवराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या वाटचालीचे महत्त्व यात आहे. प्रबंधातील गणितापासून मनोऱ्यावरील उपकरणापर्यंतची साखळी त्यांनी बंगळुरूत जोडली आणि तेथे लागलेल्या शोधांचे हक्कही तेथील कंपनीच्या नावे नोंदवले.